कॉखचें कोष्टक आणि त्यांतून गळलेली ओळ

रॉबर्ट कॉख या जर्मन जंतुशास्त्रज्ञानें १८९९ व १९०० या दोन वर्षांत जावा बेटांतून व न्यू गिनीच्या तेव्हांच्या जर्मन मुलखांतून हिवतापाविषयीं जे अहवाल पाठविले, त्यांना या रोगाच्या इतिहासांत अस्सल कागदाचा मान आहे. जेथें हिवताप कधीं हटतच नाहीं अशा प्रदेशांत वाढणाऱ्या मुलाला रोगाशीं झगडतां झगडतां कालांतरानें प्रतिकारशक्ति प्राप्त होते, हें मत आंकड्यांच्या आधारानें ठामपणें मांडलें गेलें तें या अहवालांत. पुढील ग्रंथकारांनीं तें इतक्या वेळां उतरून घेतलें आहे कीं, मूळ पुरावा काय होता याची विचारपूस आतां क्वचितच होते. वैद्यकाचा विषय ऐतिहासिक त्रैमासिकांत कशाला, अशी शंका कोणी घेईल. परंतु नकलेवरून नक्कल होत आलेला मजकूर मूळ कागदाशीं ताडून पाहणें हा आमच्या वाचकांचा नित्याचा उद्योग आहे. आणि या मजकुराच्या बऱ्यावाईट वाचनावर हजारों मुलांचें जगणेंमरणें अवलंबून राहिलें आहे.

कॉखच्या अर्धशतक आधींचें एक साधन येथें सांगितलें पाहिजे. कर्नालची छावणी तापामुळें उठवावी लागल्यावर यमुनेच्या कालव्यांकांठच्या रोगराईची चौकशी करण्यासाठीं सरकारनें एक समिति नेमली. तिचा अहवाल १८४७ चा. तिच्यांत सर्जन डेम्प्स्टर होता. त्यानें गांवोगांव लोकांचीं पोटें चांचपून कोणाची पानथरी वाढली आहे हें मोजलें, व त्या मोजणीवरून कोणता गांव किती तापकरी हें ठरविलें. (त्याच समितींतील लेफ्टनंट यूल हा पुढें मार्को पोलोच्या प्रवासवृत्ताचा व ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाचा कर्ता म्हणून आम्हां संशोधकांच्या परिचयाचा झाला, कालव्याच्या चिखलांतून कोशाच्या पानांवर आलेली ही स्वारी विसरण्याजोगी नाहीं.) पुढें ही मोजणी मुख्यतः दोन ते नऊ वर्षांच्या मुलांवरच करण्याचा प्रघात पडला. कारण जेथें ताप अत्यंत, तेथेंच प्रौढांच्या पानथऱ्या पुष्कळदां आटलेल्या सांपडत. त्यांच्यावरून गांवाची पारख करणारा फसे. या प्रघातांतच पुढचा सारा सिद्धांत मुका होऊन बसलेला होता.

कॉखनें पोटाऐवजीं रक्त पाहिलें. जावांतील अंबारावा येथें, व नंतर न्यू गिनींतील स्टेफान्सोर्टच्या मळ्यावर आणि भोंवतालच्या खेड्यांत, त्यानें वयवारीनें माणसांच्या रक्ताच्या कांचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखालीं तपासल्या. अगदीं लहान मुलांत जंतु विपुल, थोड्या मोठ्यांत कमी, आणि प्रौढांत जवळजवळ नाहींत, असें त्याला आढळलें. डांस सर्वांस सारखेच चावत होते. तेव्हां प्रौढांच्या अंगीं कांहींतरी बळ आलें आहे, व तें रोग भोगूनच आलें आहे, असा निष्कर्ष त्यानें काढला.

आतां या कोष्टकाची परीक्षा करूं. वरच्या ओळींतील तान्हीं मुलें व खालच्या ओळींतील प्रौढ हीं एकच माणसें नव्हत. एका दिवशीं जिवंत असलेल्यांची ती मोजदाद होती, एका पिढीचें चरित्र नव्हतें. चरित्र म्हणून तिचें वाचन करावयाचें तर वरच्या ओळींतून खालच्या ओळींत न पोंचलेल्यांचा हिशेब लागला पाहिजे, आणि तो तींत नाहीं. वंशावळींत निपुत्रिक वारलेल्यांचीं नांवें गळतात व मग घराणें प्रारंभापासून सुखानें वाढत आल्यासारखें दिसतें, तसाच हा प्रकार आहे. ज्या मुलांच्या रक्तांत जंतु सर्वांत माजले तीं मेलीं असतील, तर उरलेल्यांत जंतु कमी दिसावयाचेच. तेवढ्यावरून कोणी कांहीं बळ संपादिलें असें सिद्ध होत नाहीं. एवढाच पुरावा असता तर आम्ही कॉखचा निर्णय संशयित ठरविला असता.

परंतु त्याच्यापाशीं दुसरा, स्वतंत्र साक्षीदार होता, आणि त्याचें महत्त्व पुष्कळ टीकाकारांच्या ध्यानांत आलेलें दिसत नाहीं. मळ्यावर बाहेरून आलेले चिनी व जावी मजूर प्रौढ असूनहि प्रथम तापानें लोळत, व कांहीं वर्षें तेथें काढल्यावर त्यांचा त्रास ओसरे. म्हणजे नुसतें वय हें कारण नव्हे, नुसती मृत्यूची निवड हेंहि नव्हे. सहवासानें खरोखर कांहींतरी मिळत होतें. पहिल्या साक्षीदाराची उणीव दुसऱ्यानें भरून काढली. कॉखचें अनुमान टिकलें तें कोष्टकामुळें नव्हे, या मजुरांमुळें.

त्याच सुमारास रॉयल सोसायटीच्या हिवताप-समितीचे स्टीफन्स व ख्रिस्तोफर्स पश्चिम आफ्रिकेंत गेले. तेथेंहि तोच देखावा: मुलें जंतूंनीं भरलेलीं, मोठीं माणसें धडधाकट. पण वाचन निराळें झालें. कॉखनें हें पाहून म्हटलें कीं, माणसांना क्विनीन देऊन जंतूंचा निःपात करा. या दोघांनीं १९०० सालीं म्हटलें कीं, एतद्देशीय मूल हेंच गोऱ्या माणसाच्या तापाचें मूळ. तेव्हां गोऱ्यांनीं त्यांच्यापासून दूर राहावें. १९०४ सालीं फ्रीटाउनच्या वर ‘हिल स्टेशन’ वसलें, खालून वर जाण्यास रेल्वे झाली, आणि काळ्या लोकांनीं तेथें रात्रीं राहूं नये असा नियम झाला. दुखणाईत मुलाच्या रक्ताचा दाखला त्या मुलाच्या उपयोगी न पडतां त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरला. मूळ कागद खोटा नव्हता. पण वाचणाऱ्यानें आपल्या सोयीची ओळ उचलली, आणि ज्याच्या अंगावर ती लिहिलेली होती त्याला वगळलें.

ख्रिस्तोफर्सविषयीं मात्र एवढ्यावर थांबणें अन्यायाचें होईल. १९०८ सालीं पंजाबांत हिवतापाची जी भयंकर सांथ आली तिचें त्यानें केलेलें निरीक्षण (१९११) आजहि वाचनीय आहे. तीन लक्षांवर माणसें त्या एका शरदांत दगावलीं. पंजाबांत ताप दरसाल सारखा नसे. कोरडीं वर्षें गेलीं कीं लोकांचें कमावलेलें बळ ओसरे, आणि मग अतिवृष्टीच्या सालीं रोग मोकळ्या रानांत वणवा शिरावा तसा शिरे. त्यांतच धान्य महाग. दुर्भिक्षाचा व तापाचा हा संबंध त्यानें आंकड्यांनिशीं मांडला. पुढें १९२४ सालीं त्यानें सिंहभूमच्या खाणींच्या मुलखांतील मुलांचें रक्त तपासून प्रत्येकाच्या रक्तांत जंतु किती हें मोजलें. पहिलीं कांहीं वर्षें जंतूंचा कडेलोट, नंतर पुष्कळ वर्षें जंतु आहेत पण थोडे व मूल हिंडतें फिरतें, अशा दोन अवस्था त्यानें वेगळ्या काढल्या. हें फार मोलाचें काम होय. कॉखच्या ‘आहे’ व ‘नाहीं’ या दोनच खुणांच्या जागीं येथें ‘किती’ आलें. आमच्या मतें बालकांच्या प्रतिकारशक्तीची खरी बखर येथून सुरू होते.

त्या बखरीचा सारांश आतां पुष्कळसा निश्चित झाला आहे. मूल जन्मतें तेव्हां आईकडून मिळालेल्या शिदोरीवर कांहीं महिने तरतें. मग कठीण काळ येतो. जेथें ताप अखंड, तेथें मृत्यु टाळण्याचें बळ प्रथम येतें, ताप टाळण्याचें त्यामागून, आणि रक्तांतून जंतु हांकलण्याचें सर्वांच्या शेवटीं. तेंहि पुरतेपणीं कधींच नाहीं. जंतु आपल्या पृष्ठावरील चिन्हें बदलीत असल्यामुळें प्रत्येक नवें सोंग शरीराला नव्यानें ओळखावें लागतें. म्हणून इतकीं वर्षें लागतात. प्रदेश सोडला कीं कमावलेलें बळ झिजतें. तें रक्तद्रवांत असतें याचा प्रत्यक्ष पुरावा १९६१ सालीं गॅम्बियांत मिळाला: कोहेन, मॅकग्रेगर व कॅरिंग्टन यांनीं प्रौढांच्या रक्तांतून काढलेलीं प्रतिद्रव्यें आजारी मुलांना टोंचलीं, आणि त्यांच्या रक्तांतील जंतु झपाट्यानें घटले. १९९१ सालीं आफ्रिकी प्रौढांचीं प्रतिद्रव्यें थायलंडमधील रोग्यांसहि लागू पडलीं. गळलेल्या ओळीच्या शंकेचें याहून पक्कें उत्तर नको. मेलेल्यांच्या वजाबाकीनें उरलेल्यांच्या रक्तांत औषध तयार होत नसतें.

कमावलेल्या बळाची व जन्मजात बळाची गल्लत मात्र टाळली पाहिजे. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचा गुण एका बाजूनेंच वारशानें आलेल्या मुलास घातक हिवतापापासून पुष्कळ संरक्षण देतो, हें ॲलिसन यानें १९५४ सालीं दाखविलें. हा गुण विदर्भांतील व सातपुड्यांतील आदिवासींतहि आहे. तो भोगून मिळत नाहीं. एकाच पानावरील दोन भिन्न हातचीं अक्षरें एकाचींच समजण्यासारखी ती चूक होईल.

१९५० सालीं कंपाला येथें भरलेल्या परिषदेंत या सिद्धांताचा सर्वांत विलक्षण उपयोग झाला. आफ्रिकेंतील अतितापकरी मुलखांत डांस मारूं लागलों तर लोकांचें कमावलेलें बळ जाईल, आणि पुढें काम थांबलें तर मोठीं माणसेंहि मरतील, असें कांहीं जाणत्यांनीं मांडलें. शंका पोकळ नव्हती. पंजाबचा दाखला डोळ्यांसमोर होता. परंतु बळ राखण्यासाठीं रोग राखावा, या विचाराची किंमत कोण भरीत होतें? कोष्टकांत न आलेलीं मुलें. परिषदेनें अखेर रोग कितीहि असो, प्रतिबंध करावाच असा निर्णय दिला. तो आम्हांस योग्य वाटतो.

२०२३ सालीं हिवतापानें जगांत सुमारें ५ लक्ष ९७ हजार माणसें मेलीं असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत बहुतेक आफ्रिकेंतील पांच वर्षांखालील मुलें. त्याच सालीं संघटनेनें मान्य केलेली ‘आर-२१’ लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्यें तयार होते, म्हणून येथील वाचकांस ती जवळची वाटणें साहजिक आहे. पण ती कॉखच्या प्रौढांच्या बळाची नक्कल आहे असें कित्येक लेखांत वाचावयास मिळतें, तें बरोबर नाहीं. डांसानें सोडलेला जंतु यकृतांत शिरण्यापूर्वींच त्याला ती अडविते. भोगून आलेलें बळ मुख्यतः रक्तांतील जंतूंशीं लढतें. मार्ग निराळा, आणि त्यासाठीं मुलाला आधीं मरणाच्या दारीं जावें लागत नाहीं.

गळलेल्या ओळीचा शोध आपल्याकडेहि घेतां येण्यासारखा आहे. मुंबई इलाख्याच्या आरोग्यखात्याच्या वार्षिक अहवालांत ‘ताप’ या एका सदराखालीं असंख्य मृत्यु जमा आहेत, आणि त्यांत हिवताप किती हें वरवर पाहून कळत नाहीं. ज्यांच्या संग्रहीं हे अहवाल, गांवकामगारांच्या मृत्यूच्या नोंदवह्या, अथवा पानथरीच्या मोजणीचे जुने तक्ते असतील, त्यांनीं त्यांतील वयाचे रकाने, विशेषतः पांच वर्षांखालील, उतरून आम्हांकडे पाठवावे. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांचीं पानें आधीं पाहावीं. कसर लागलेली असली तरी टाकूं नयेत.