घरची बाटली आणि विकतचा प्याला

आपल्या वाङ्मयात दारू आली की तिच्या मागोमाग दोन माणसे हटकून येतात. एक बुडणारा आणि दुसरा त्याला उपदेश करणारा. तिसरे माणूस, म्हणजे फळे निवडणारे, आंबवणारे, बरणीला दादरा बांधून दिवस मोजणारे, माझ्या वाचनात क्वचितच आले. इंग्रजी कादंबरीत ते अनेकदा भेटते. बहुधा ती बाई असते आणि घरची कर्ती असते. या तिसऱ्या माणसाच्या अभावाने आपण काय गमावले, एवढाच या लेखाचा विषय आहे.

मी मद्याचा वकील नव्हे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर आहे. पगाराच्या दुसऱ्या दिवशी कोणाचे वडील रात्री सरळ घरी आले आणि कोणाचे आले नाहीत, हे मला वर्गातल्या चेहऱ्यांवरून कळते. तेव्हा प्रश्न पिण्या-न-पिण्याचा नाही. कादंबरी लिहिणारा एक माणूस म्हणून मला पडलेला तो प्रश्न आहे.

गोल्डस्मिथची ‘द व्हिकार ऑफ वेकफील्ड’ ही कादंबरी १७६६ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक एक गरीब मनाचा पाद्री. पहिल्याच प्रकरणात तो बायकोचे गुण सांगतो: लोणची घालण्यात, मुरंबे करण्यात, स्वयंपाकात तिचा हात धरणारे कोणी नाही. त्याच ओघात घरच्या गूझबेरीच्या मद्याची कीर्ती येते. गूझबेरी म्हणजे पातळ सालीचे, रायआवळ्यासारखे आंबट फळ. वाटसरू आणि दूरदूरचे नातलग ते मद्य चाखायला थांबतात, आणि त्यांपैकी एकानेही कधी त्याला नाव ठेवले नाही, असे पाद्रीबुवा इतिहासकाराच्या गांभीर्याने सांगतात. फुकटच्या पेल्याला नावे ठेवतो कोण! यजमानाचा भोळेपणा, त्याचा किंचित बडेजाव आणि पाहुण्यांचा मतलब, हे सारे गोल्डस्मिथने त्या एका बाटलीत भरले आहे. पुढे या कुटुंबावर जे प्रसंग कोसळतात, त्यांचे बीज या भाबड्या विश्वासातच आहे.

वाचक म्हणतील, त्या काळच्या इंग्लंडला दारूचे चटके ठाऊक नसतील. तसे मुळीच नाही. १७५१ साली होगार्थने ‘जिन लेन’ हे चित्र कोरले. त्यात नशेतल्या आईच्या हातून तिचे मूल जिन्यावरून खाली पडताना दिसते. गोल्डस्मिथची कादंबरी त्यानंतर पंधरा वर्षांनी आली. म्हणजे ‘जिन लेन’च्या त्याच देशात गूझबेरीची बाटली निर्मळ राहू शकली. याचे कारण मला असे दिसते की जिन विकतची होती आणि ही बाटली घरची होती.

हा भेद वरवरचा नाही. फळे ठेचायची, पाणी नि साखर घालायची, आणि मग वाट पाहायची. किण्व साखर खाते, मद्यार्क करते, वायू फसफसून बाहेर पडतो. फसफस पुरती थांबण्याआधी बूच ठोकले तर बाटली फुटते. हवा लागू दिली तर मद्याचा शिरका होतो. निवळ अलगद काढून घ्यायची, गाळ मागे ठेवायचा, आणि पुढे कित्येक महिने बाटलीला हात लावायचा नाही. या कामाला हंगाम आहे, माप आहे, संयम आहे. विकतच्या पेल्याला यांपैकी काहीच लागत नाही. खिशात पैसे असले की झाले.

दुसरे उदाहरण कॅनडातले, एल. एम. माँटगोमेरी यांच्या ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’ या १९०८ सालच्या कादंबरीतले. अ‍ॅन ही अनाथ पोर आपल्या मैत्रिणीला, डायनाला, चहाला बोलावते आणि रासबेरीचे सरबत समजून तिला मरिलाबाईंनी केलेले करंटचे मद्य देते. (हे करंट म्हणजे आपले बेदाणे नव्हेत, ती झुडपावरची लालचुटूक आंबट फळे.) डायना तीन पेले पिते आणि झिंगून घरी जाते. तिची आई संतापते आणि दोघींची मैत्री तोडून टाकते. प्रसंग हसण्याजोगा आहे, पण ज्या पोरीला जगात दुसरे कोणी नाही तिची एकुलती एक मैत्रीण जाते. हसता हसता घसा दाटतो.

या प्रसंगात एक बारीक तपशील आहे. मरिलाने तीन वर्षे मद्य केलेलेच नाही, कारण पाद्रीसाहेबांना ते पसंत नाही असे तिला कळले. आजारपणासाठी म्हणून ती एक बाटली तेवढी ठेवलेली. १७६६ सालचा पाद्री जिचा अभिमान मिरवतो, १९०८ सालच्या पाद्रीला तीच बाटली खटकते! प्रिन्स एडवर्ड बेटावर, जिथे ही कथा घडते तिथे, १९०१ सालीच दारूबंदीचा कायदा झाला होता. समाजाच्या नीतीत दीड शतकात झालेला पालट लेखिकेने फडताळातल्या एका बाटलीवर दाखवला, आणि तोही एका वाक्याचा उपदेश न करता. दोषी कोण, या प्रश्नाचे उत्तर ती दारूकडे बोट दाखवून देत नाही. ती डायनाच्या आईच्या कठोरपणाकडे पाहायला लावते.

आता आपल्याकडे वळू. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर १९१९ साली रंगभूमीवर आले. त्याचे सामर्थ्य मी नाकारीत नाही. सिंधूचे अश्रू खोटे म्हणणारा माणूस माझ्या वर्गात एक दिवस येऊन बसावा. पण एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्या नाटकात दारू कोणी करीत नाही. सुधाकराच्या हातात तळीराम देतो तो प्याला भरलेलाच असतो. आर्य मदिरा मंडळ स्थापन होते, त्यात पिणारे आहेत, बडबडणारे आहेत. करणारा एकही नाही. नाटकात हाताने काही निर्माण करते ती सिंधू, आणि ती दळण दळते. गडकऱ्यांना हा विरोध साधला, यात त्यांची थोरवी आहे. मात्र त्यांच्यामागून आलेल्या आम्ही जाते विसरलो आणि प्याला तेवढा उचलला. मग आमच्या कथांतून तो प्याला खलपुरुषाच्या हातातली खूण होऊन बसला. एखादी वस्तू नुसती खूण झाली की तिला चव राहत नाही.

आपल्या परंपरेत तसे व्हायचे कारण नव्हते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ८४ आसव मोजले आहेत, त्यांपैकी २६ फळांचे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कवठाच्या आसवाचे माप दिले आहे, आणि तिथेच गृहस्थाला कार्यप्रसंगी घरी सुरा करण्याची मुभाही आहे. एकीकडे सुराध्यक्षाचा कडक बंदोबस्त आणि दुसरीकडे घरच्या कार्याला सूट, हा विवेक जुन्या ग्रंथकारांना होता. आज आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य करणे गुन्हा आहे. आणि वसई-मुंबईकडच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत नाताळसाठी फळांचे मद्य घालण्याची रीत जुनी आहे.

मला तर यात एक न लिहिलेली कादंबरी दिसते. जांभळे धुणारी एक म्हातारी, तिचे आजीकडून आलेले माप, तिचा देव, तिचा कायदा, आणि दारूने ज्याचा बाप गेला असा तिचा जावई. पाहुण्यापुढे तो पेला ठेवावा की नाही? हा प्रश्न तिला पडेल, तेव्हा लेखकाने मध्ये बोलू नये. उपदेशाचा गाळ खाली बसू द्यावा, आणि निवळ तेवढी वाचकाच्या हाती द्यावी.