दाणा आणि दृष्टी

आमच्या वाङ्मयात पाखरांची वाण नाही. कावळा, चिमणी, मैना, राघू, पारवा, चातक आणि चकोर ह्यांनी आमच्या ओव्या, अभंग, कहाण्या व कविता गजबजून गेल्या आहेत. तथापि ह्या एवढ्या थव्यात, ज्याच्याकडे लेखकाने घटकाभर निर्हेतुक नजरेने पाहिले आहे असे पाखरू किती सापडेल, असे कोणी विचारले तर उत्तर देताना मन कचरते. हिवाळा लागला की नियतकालिकांतून अंगणातील पाखरांवर लेख येऊ लागतात. मातीच्या परळात दाणे घाला, पाणी ठेवा, मुक्या जीवांवर दया करा, असा त्यांचा साधारण सूर असतो. हेतू स्तुत्य आहे ह्यात शंका नाही. परंतु वाङ्मय म्हणून ह्या लेखनाचे मोल काय, आणि ज्या पाखरांसाठी ते लिहिले जाते त्यांची ओळख वाचकास त्यातून कितपत होते, हे पाहणे टीकाकाराचे काम आहे. ते आम्ही बुलढाणा जिल्ह्यातील अंगण डोळ्यांसमोर ठेवून करणार आहोत. कारण पाखरू नेहमी कोठल्या तरी एका जागी बसलेले असते, आणि त्याच्याविषयीचे लेखनही एका जागेवरून तपासलेले बरे.

अंगणातील पाखराला घास घालण्याचा प्रसंग मराठीत फार जुना आहे. ज्ञानेश्वरांच्या नावावर असलेल्या सुप्रसिद्ध विराणीतील विरहिणी कावळ्याला दहीभात आणि दूध देऊ करते, पण कशासाठी? तर पंढरीचा राजा केव्हा घरी येईल तो शकुन त्याने सांगावा म्हणून. काव्य अप्रतिम आहे. मात्र त्यातील कावळा हा निरोप्या आहे. त्याची भूक कवीचा विषय नाही, विरहिणीची आहे. भाद्रपदात आम्ही काकबळी ठेवतो तेव्हाही हाच व्यवहार असतो. कावळा शिवला की पितर तृप्त झाले. तो कोठून आला आणि कोठे गेला ह्याची पुसतपास कोणी करीत नाही. चिऊकाऊच्या गोष्टीत तर दोन्ही पाखरे म्हणजे दोन शेजारणीच होत. लोकवाङ्मयाने असे करावे ह्यात दोष नाही. दोष असलाच तर तो पुढच्या सुशिक्षित लेखकांचा, की शतके लोटली तरी त्यांनी पाखराला ह्या निरोप्याच्या नोकरीतून मोकळे केले नाही.

अर्वाचीन कवितेने पाखराला काय दिले? तिने करुणा दिली. रेव्हरंड टिळकांची 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता ज्यांनी शाळेत वाचली त्यांना घायाळ पक्षिणीची ती तडफड जन्मभर विसरता येत नाही. बालकवींच्या 'पारव्या'त पडक्या धर्मशाळेची उदासी पाखराच्या घुमण्यातून बोलते. खुद्द बुलढाणा जिल्ह्याचे कवी ना. घ. देशपांडे हे मेहकरला राहिले, आणि त्यांची 'शीळ' गावोगाव गायली गेली. पण ती रानात घुमणारी शीळ प्रियकराची आहे, पाखराची नव्हे. ह्या तिन्ही कवींच्या थोरवीला आम्ही बाध आणू इच्छीत नाही. एवढेच म्हणतो की, टिळकांची पक्षिणी माता आहे, बालकवींचा पारवा खिन्नता आहे आणि देशपांड्यांची शीळ प्रीती आहे. पाखरू म्हणून पाखरू ह्यांत कोठेच नाही.

आता दुसरी बाजू पाहा. सलीम अली ह्यांचे 'द फॉल ऑफ ए स्पॅरो' हे आत्मचरित्र १९८५ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी लहानपणीचे, १९०६-०७ च्या सुमाराचे एक टिपण दिले आहे. मुंबईच्या खेतवाडीतील घरी तबेल्याच्या भिंतीत चिमण्यांचे घरटे होते. आत मादी अंडी उबवीत होती आणि बाहेर नर पहारा देत होता. दहा वर्षांच्या ह्या मुलाने गाडीच्या आडून तो नर टिपला. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर मिळविला. मुलाने तोही टिपला. असे सात दिवसांत आठ नर पडले, आणि प्रत्येक खेपेस नवा नर पहाऱ्यावर हजर! वाचताना अंगावर काटा येतो. टिळकांनी हे पाहिले असते तर त्यांनी दुसरी कविता लिहिली असती. परंतु निष्ठुर हाताने लिहिलेल्या ह्या टिपणातून चिमणीच्या संसाराविषयी जे कळते ते आमच्या साऱ्या करुणरसातून कळत नाही. येथे दृष्टी आहे, दया नाही. तेथे दया आहे, दृष्टी नाही. मराठी पक्षिवाङ्मयापुढील खरा प्रश्न ह्या दोहोंचा संसार एका घरात कसा लावावयाचा, हाच आहे.

तो लावण्याचा मोठा यत्न मारुती चितमपल्ली ह्यांनी केला. वनखात्यात दीर्घकाळ नोकरी केलेला हा लेखक १९३२ साली सोलापुरास जन्मला, २००६ साली त्याच सोलापुरातील साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला आणि २०२५ साली निवर्तला. 'पक्षी जाय दिगंतरा', 'रानवाटा' आणि 'पक्षिकोश' ह्या ग्रंथांनी मराठीस जे दिले त्याचे मोल करणे कठीण. पाखरांची लोकांच्या तोंडची नावे त्यांनी आस्थेने वेचली. आणि नाव ठाऊक असणे ही पाहण्याची पहिली पायरी होय. त्यांच्या लेखनात दया आणि दृष्टी हातात हात घालून चालतात. मात्र त्यांचे क्षेत्र मुख्यत्वे अरण्य होते. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही त्यांची दैवते. त्यांच्या मागून येणाऱ्या लेखकांनी गुरूची वाट धरली खरी, पण ती वाट घरापासून दूर जाते. बुलढाणा जिल्ह्याविषयी लिहावयाचे झाले तर लेखणी ज्ञानगंगा अभयारण्यात शिरते, किंवा २०२० साली रामसर यादीत गेलेल्या लोणार सरोवराच्या काठी उतरते. ओसरीसमोरच्या चार हात जागेवर काय चालले आहे ते मात्र दयाळू लेखांच्या वाट्याला सोडून दिलेले असते.

त्या दयाळू लेखांकडे आता वळू. त्यांचे पहिले गृहीत असे की हिवाळा म्हणजे पाखरांच्या उपासमारीचा काळ. हे गृहीत बर्फाच्या देशातून आलेले आहे. तेथे भूमी हिमाखाली जाते, दिवस आखूड होतो आणि खिडकीबाहेर टांगलेल्या चरबीच्या गोळ्यावर पाखराची एक रात्र निभते. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगरावर सुमारे ६५० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथे थंडी चांगली पडते हे खरे. परंतु घाटावरचे चिखली-मेहकर घ्या की घाटाखालचे मलकापूर-शेगाव घ्या, हिवाळा हा येथे सुगीला लागून येणारा ऋतू आहे. खळ्यावर सांडलेल्या दाण्यावर पाखरांचा वाटा पूर्वापार धरलेलाच असे. येथील पाखरांची खरी ओढाताण वैशाखात होते, आणि तीही दाण्यापेक्षा पाण्यासाठी. तेव्हा हिवाळ्यात दाणे घालण्याचा उपदेश करणारा लेखक दुसऱ्याच देशाच्या खिडकीतून बाहेर पाहत असतो, असे म्हणावे लागते.

दुसरे गृहीत असे की परळातला दाणा सर्व पाखरांना पावतो. एखाद्या मार्गशीर्षातल्या सकाळी अंगणात नुसते बसून पाहावे. परळावर चिमण्या येतील, होले येतील, साळुंकी येऊन सत्ता गाजवील. ही सारी घरची मंडळी. पण हिवाळ्याचे खरे पाहुणे निराळे. काळा थिरथिरा हिमालयाच्या आणि मध्य आशियाच्या उंच मुलखातून उतरून येथे हिवाळा काढतो. तो कुंपणाच्या दगडावर बसतो, तांबूस शेपटी थरथरवितो, आणि परळाकडे ढुंकूनही न पाहता भिंतीच्या बुडाशी चालणारा किडा अचूक उचलतो. पांढरा धोबी सांडपाण्याच्या काठी शेपटी आपटीत फिरतो. त्याचेही लक्ष किड्यांवर. ह्या अतिथींना आमची ज्वारी नको; त्यांना न सारवलेला कोपरा, पालापाचोळ्याचा ढीग आणि विष न फवारलेली माती हवी. खुद्द चिमणी दाणे टिपते, पण आपल्या पिलांना प्रायः किडेच भरविते. म्हणजे अंगण लख्ख झाडून, त्यावर फवारा मारून, मग मधोमध दाण्यांचे परळ ठेवणारा गृहस्थ पाखराला एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने त्याचे ताट ओढून घेतो. हे आम्हांस कोणत्याही दयापर लेखात वाचावयास मिळाले नाही. थिरथिऱ्याने मात्र एका सकाळीत सांगितले.

ह्याहून मोठी गोष्ट अंगणाच्या पलीकडे, शेतात घडली आहे. एके काळी ह्या मुलखात ज्वारी हे मुख्य धान्य होते. हिवाळ्यात भोरड्यांचे थवे कणसांवर उतरत आणि माळ्यावरचा राखणदार गोफण फिरवून त्यांना उठवी. हीच भोरडी आपल्या विणीच्या प्रदेशात, मध्य आशियाच्या बाजूस, टोळांवर तुटून पडते आणि तेथे शेतकऱ्याची सखी ठरते. गोफण मारणारा तो राखणदार पाखरावर दया करीत नव्हता. पण त्याच्या पिकावर पाखरे जगत होती, आणि राखणीपायी का होईना, त्यांच्या येण्याजाण्याची वेळ त्याला बिनचूक ठाऊक असे. गेल्या काही दशकांत ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. सोयाबीनचा दाणा चिमणीच्या चोचीचा नव्हे. राखणदार गेला, गोफण खुंटीला लागली, आणि पाखरांचे शेतातले ताटही उचलले गेले. मग शहरातील गृहस्थ परळ घेऊन पुढे आला. शेतभर पसरलेल्या अन्नाची भरपाई मूठभर दाण्यांनी होत नाही, हे सांगण्याचे धैर्य पाखरांवरील लेखनात असावयास हवे.

ह्या कथेत एक सुखद वळणही आहे. हरभऱ्यावर घाटेअळी पडते तेव्हा शेतात इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराचे पक्षिथांबे उभारावे, आणि हरभरा पेरताना त्यात ज्वारीचे थोडे दाणे मिसळावे, असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात. ज्वारीची उंच ताटे हरभऱ्यात उभी राहिली की कोतवाल आणि साळुंकी त्यांवर बसतात व अळ्या वेचतात. धान्य म्हणून हद्दपार झालेली ज्वारी पाखरांचे आसन म्हणून शेतात परत आली आहे! हा सल्ला ज्याने प्रथम दिला त्याने कोतवाल कोठे बसतो आणि काय खातो हे निश्चित पाहिले होते. त्या दोन ओळींच्या कोरड्या सूचनेत आम्हांस कित्येक रसाळ ललितलेखांहून अधिक पक्षिप्रेम दिसते.

न पाहता केलेल्या दयेचे परिणाम कोठवर जातात ह्याची साक्ष मुंबईने दिली आहे. तेथील कबुतरखान्यांचा वाद २०२५ साली उच्च न्यायालयापर्यंत गेला. पुण्यासाठी ओतलेल्या धान्यावर एकाच जातीचे पाखरू बेसुमार वाढले, आणि त्याच्या विष्ठेपासून होणाऱ्या फुप्फुसांच्या विकाराकडे वैद्यांना बोट दाखवावे लागले. चिमणीविषयीच्या विलापाचेही तसेच. २०१० पासून २० मार्च हा चिमणी दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी 'चिमणी गेली हो!' असा आक्रोश छापून येतो. परंतु हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० साली निघालेल्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीवरील अहवालाने असे दाखविले की, मोठ्या शहरांतून चिमणी घटली असली तरी देशभरात तिची संख्या बरीचशी स्थिर आहे. रडणाऱ्यांनी मोजले नव्हते. मोजणाऱ्यांनी पाहिले होते.

ह्यावर कोणी म्हणेल की, लहान मूल परळात दाणे घालते तेव्हा त्याच्या मनात भूतदयेचा अंकुर फुटतो. टीकाकाराने तोही खुडावा काय? आक्षेप रास्त आहे. आम्ही मुलाच्या हातातले दाणे काढून घेऊ म्हणत नाही. दाणे घातल्यावर त्याने पाठ फिरवू नये, एवढेच आमचे मागणे आहे. फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातील पाखरांची गणना होते. २०१३ पासून भारतही तीत सामील आहे. तिचा नियम साधा: किमान १५ मिनिटे एका जागी राहावे आणि दिसेल ते लिहावे. हाच नियम आमच्या ललितलेखकांनी स्वतःस लावून घेतला तर किती बहार होईल! मेहकरच्या, चिखलीच्या वा शेगावच्या एखाद्या लेखकाने एका हिवाळ्याची, एकाच अंगणाची रोजनिशी लिहावी. थिरथिरा कोणत्या दिवशी आला, कोणत्या दगडावर बसला, आणि कोणत्या दिवशी तो दगड रिकामा राहिला, एवढेच तीत असले तरी पुरे. असे पुस्तक मराठीत निघेल तेव्हा त्याचे स्वागत आम्ही मोठ्या आनंदाने करू.

विराणीतल्या कावळ्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने काय दिले असेल ते असो. आज अंगणातील पाखरू आमचा निरोप घेऊन कोठे जाणार नाही. उलट त्याच्यापाशीच आमच्यासाठी निरोप आहे. तो ऐकावयाचा तर हातातील दाणे खाली ठेवून थोडा वेळ गप्प बसले पाहिजे.