इमाम गजालींच्या ‘अल-मुन्किज’मधील विश्वासाचा विचार

इमाम अबू हामिद अल-गजाली (१०५८-११११) यांचा ‘अल-मुन्किज मिन अद-दलाल’ हा छोटेखानी अरबी ग्रंथ सामान्यतः आत्मचरित्र म्हणून वाचला जातो. वस्तुतः विश्वास कशावर आणि का ठेवावा, हा त्याचा खरा विषय आहे.

ग्रंथाचा आरंभ तकलीदच्या, म्हणजे केवळ परंपरेने मिळालेल्या श्रद्धेच्या चिकित्सेने होतो. प्रत्येक समाजातील मूल आईवडिलांचाच धर्म उचलते, हे पाहून गजाली स्वतःच्या ज्ञानाची परीक्षा घेतात. स्थिर दिसणारी सावली सरकत असते. दिनाराएवढा दिसणारा तारा पृथ्वीहून मोठा असतो. इंद्रिये चुकतात, तर बुद्धी तरी कशावरून चुकत नसेल? ही संशयावस्था सुमारे दोन महिने टिकली. अल्लाहने अंतःकरणात टाकलेल्या प्रकाशाने ती दूर झाली, युक्तिवादाने नव्हे, असे ते सांगतात.

येथे प्रथमदर्शनी ग्रंथाची बाजू कमकुवत वाटते. कारण हा प्रकाश वाचकाला तपासता येत नाही. परंतु हा आक्षेप अर्धाच खरा आहे. कोणत्याही सिद्धतेला आधी काही मूलतत्त्वे मान्य असावी लागतात, हे गजालींनी ओळखले आहे. शिवाय पुढे ते तपासता येईल अशी कसोटीही देतात. तिनापेक्षा दहा मोठे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला कोणी काठीचा साप करून उलटे सांगितले, तर तो थक्क होईल; पण मत बदलणार नाही. म्हणजे विश्वासाला एकटा चमत्कार पुरत नाही. वैद्यक जाणणारा गॅलेनची योग्यता त्याच्या ग्रंथांवरून ओळखतो, तशीच पैगंबरांची (स.) सत्यता कुरआन व हदीस यांच्या मननातून आणि आचरणातून पटते, अशी त्यांची मांडणी आहे.

एके ठिकाणी विश्वास ही देणगी, तर दुसरीकडे परिश्रमाचे फळ. या दोहोंचा मेळ ग्रंथात पुरता घातलेला नाही, हे उणेपण मान्य करावे लागते. मात्र लेखकाच्या जीवनात ते एकत्र येतात. १०९५ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत असताना आपला हेतू कीर्तीचा आहे, ही जाणीव त्यांना झाली. वाचा बंद पडली. त्यांनी पद सोडले. ११०६ मध्ये ते निशापूरला पुन्हा अध्यापनाकडे वळले. पूर्वी प्रतिष्ठा मिळवून देणारी विद्या शिकवली, आता प्रतिष्ठा सोडायला लावणारी शिकवतो, हा फरक ते स्वतःच नोंदवतात.

आरोग्याची व्याख्या जाणणे वेगळे आणि निरोगी असणे वेगळे, हे त्यांचे म्हणणे अध्यापकांनाही लागू पडते. ईमानची व्याख्या फळ्यावर लिहिण्यापूर्वी ग्रंथाचा हा भाग वाचणे उपयुक्त ठरेल.