'ख्रिस्तपुराणा'तील कृपेचा क्रम

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' आपल्या व्यासपीठांवर आठवते ते बहुधा मराठीच्या स्तुतीपुरते. उरलेल्या सुमारे अकरा हजार ओव्यांकडे उत्तन-भाईंदरच्या आपल्या धर्मग्रामांत किती जण वळतात?

१६१६ साली राचोल येथे छापलेल्या या ग्रंथाची मांडणीच बोलकी आहे. पहिल्या पुराणात उत्पत्ती, आदाम-एवेचा आज्ञाभंग आणि तारणाऱ्याची दीर्घ प्रतीक्षा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. दोहोंच्या मध्ये मनुष्याने आज्ञापालनाचा कोणताही पराक्रम गाजविलेला नाही. देव येतो तो आपण होऊन. देवदूत मरियेला कृपापूर्ण म्हणतो तेही तिच्या होकाराआधी. तिची श्रद्धा आणि तिचे आज्ञापालन हे त्या कृपेला दिलेले उत्तर होय. आपण मात्र मुलांना शिकवितो, 'शहाण्यासारखे वागलास तर देव कृपा करील.' म्हणजे कृपा ही मजुरीच झाली!

एक उणीव सांगितली पाहिजे. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते. आज्ञापालन या शब्दावर तेथे राजसत्तेचेही ओझे होते. जुनी पुराणे सुटली, आता आम्ही काय वाचावे, या नवख्रिस्ती ब्राह्मणाच्या पृच्छेतून ग्रंथ उगवतो खरा. पण पुढे पाद्रीने सांगावे आणि त्याने ऐकावे, असाच रोख राहतो. मरिया मात्र देवदूतालाच विचारते की हे घडेल कसे, आणि तिच्या प्रश्नाने कृपा तसूभरही उणावत नाही.

शांताराम बंडेलू यांच्या १९५६ च्या देवनागरी आवृत्तीतून निदान हा प्रसंग तरी आगमनकाळात घरी मोठ्याने वाचावा.