दुनहुआंगची पाने आणि ग्रंथालयांची भागीदारी

चीनमधील दुनहुआंगच्या एका बंद लेण्यात 1900 मध्ये हजारो बौद्ध हस्तलिखिते सापडली. 1907 मध्ये ऑरेल स्टाइन व 1908 मध्ये पॉल पेलिओ यांनी त्यांतील मोठा भाग नेला. लंडन, पॅरिस, बीजिंग, सेंट पीटर्सबर्ग येथे हा ठेवा विभागला गेला. 1994 मध्ये आरंभिलेल्या आंतरराष्ट्रीय दुनहुआंग प्रकल्पाने तेथील ग्रंथालयांच्या सहकार्याने त्याच्या प्रतिमा विनामूल्य खुल्या केल्या. ताटातूट झालेली पाने अभ्यासकाला आता पडद्यावर शेजारीशेजारी ठेवता येतात, हे श्रेय नाकारता येणार नाही.

तथापि प्रतिमा सर्वांच्या झाल्या, पोथ्या नेल्या तेथेच राहिल्या. शिवाय ऑक्टोबर 2023 च्या सायबर हल्ल्याने ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकीय सेवा कित्येक महिने विस्कळीत झाल्या. प्रत्येक भागीदाराकडे संपूर्ण प्रत नसेल, तर जतन कसले?

याच ग्रंथालयात इ. स. 868 ची मुद्रित वज्रच्छेदिका आहे. वांग जिए याने आईवडिलांप्रीत्यर्थ, सर्वत्र विनामूल्य वाटण्यासाठी ती करविली, अशी तिच्या अखेरीस नोंद आहे. ते दान आज पडद्यावरून खरोखरच सर्वत्र पोचते; परंतु वर्णनसूची इंग्रजी, चिनी अशा मोजक्याच भाषांत आहे. ज्या भूमीतून हे सूत्र तेथवर गेले, तेथील मराठी उपासकाला ती वाचता येत नाही.