चैत्यगृहाचें छत आणि दिव्यांची योजना

प्राचीन वास्तूचें छत कमानदार असलें म्हणजे जमिनीवरून दिव्यांचा झोत सोडून तें उजळून काढावें, असा समज अलीकडे दृढ होत चालला आहे. हा समज कितपत ग्राह्य आहे, याचा विचार कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या आधारें करूं.

हें चैत्यगृह सुमारें १२४ फूट लांब व ४५ फूट रुंद असून त्याचें छत गजपृष्ठाकार आहे. छतास प्राचीन लाकडी फासळ्या बसविलेल्या आहेत. त्या भार वाहत नाहींत. अखंड खडकास आधाराची गरज ती काय? जुन्या काष्ठवास्तूची ती स्मृति होय. दोन्ही बाजूंस शीर्षयुक्त पंधरा पंधरा स्तंभ व स्तूपामागें सात साधे अष्टकोनी स्तंभ आहेत. दर्शनी भाग पश्चिमेस असून आंत उजेड येतो तो मुख्यतः त्यावरील महागवाक्षांतून. गवाक्ष शब्दाची रूढ व्युत्पत्ति बैलाच्या डोळ्यावरून लावतात. परंतु ‘गो’ म्हणजे किरण असाही अर्थ आहे, आणि येथें तोच अधिक शोभतो.

या गवाक्षांतून येणारा प्रकाश मधल्या दालनांत पसरून स्तूपापर्यंत पोहोंचतो. स्तंभांमागील वाटा मंद राहतात. छतास मिळतो तो बहुतांशीं परावर्तित प्रकाश. म्हणून डोळा सरावल्यावर एकेक फासळी दिसूं लागते, आणि उंची आहे त्याहून अधिक भासते.

आतां खालून वर झोत टाकला तर काय होतें? फासळ्यांच्या सावल्या उलट पडतात. स्तंभशीर्षांवरील गजारूढ युगुलांचे चेहरे हनुवटीकडून उजळून विद्रूप दिसतात. आणि स्तूपापेक्षां छत तेजस्वी झाल्यानें दृष्टि मुख्य वस्तूवरून उडते. शिवाय दमट खडकावर दिवा दीर्घकाळ जळत राहिला कीं तेथें हिरवें शेवाळ धरतें. नव्या एलईडी दिव्यांत उष्णता कमी हें खरें. पण शेवाळ वाढतें तें प्रकाशावर.

कोणी म्हणेल, मग अभ्यासकानें अंधारांत चांचपडावें काय? मुळींच नाहीं. येथील स्तंभांवर धेनुकाकटच्या दात्यांचे लेख आहेत. त्यांत यवनही आहेत. प्रस्तुत लेखकानें ते वाचतांना विजेरी प्रथम समोर धरली, तेव्हां अक्षरें सपाट होऊन लोपलीं. तीच बाजूनें, दगडालगत तिरपी धरतांच प्रत्येक खांचेंत सावली भरली व अक्षर उमटलें. म्हणजे लेख वाचण्याचा दिवा हातांतला व क्षणाचा. वास्तु पाहण्याचा दिवा स्थिर व सौम्य. या दोहोंची गल्लत हाच खरा दोष होय.

तेव्हां दिवे थोडे असावेत. दर्शनी बाजूकडून, गवाक्षाच्याच दिशेनें, स्तूपाकडे व जमिनीकडे वळविलेले असावेत. ते डोळ्यांत येऊं नयेत, व प्रेक्षक नसतां विझवावेत. त्यांसाठीं खडकास वा लाकडास एकही भोंक पाडूं नये. अजिंठ्याच्या ९ व १० क्रमांकांच्या चैत्यगृहांची गोष्ट किंचित् निराळी. तेथें रंगकाम असल्यानें तें दिसावें ही अपेक्षा रास्त आहे. परंतु नाजूक रंगांस व हस्तलिखितांस संग्रहालयांत सुमारें ५० लक्सची मर्यादा पाळतात, तीच तेथेंही पाळावी.

जीर्ण पोथींतील मूळ पाठ खोडून त्यावर आपला पाठ लिहिणें आपण अपराध मानतों. तोच अपराध दिव्यांच्या हातून घडूं नये, एवढेंच सांगणें आहे.