दोन माहीम, दोन साष्टी : द्वीपवासीयांचा इतिहास आणि शोधशब्दाची मर्यादा

सोलापूर हे पठारावरील नगर. तेथून मुंबई रेल्वेने वा सडकेने सुमारे चारशे किलोमीटर दूर. उत्तर कोकणच्या बेटांवरील लोकांचा इतिहास अभ्यासावयाचा म्हणजे पूर्वी येथील विद्यार्थ्यास मुंबईच्या व पुण्याच्या ग्रंथालयांत महिनोन् महिने मुक्काम करावा लागे, आणि ज्यास ते परवडत नसे त्यास विषय बदलावा लागे. आज ही अडचण पुष्कळ अंशी दूर झाली आहे. वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली संपादिलेली ‘महिकावतीची बखर’, गोविंद नारायण माडगांवकर यांचे १८६३ सालचे ‘मुंबईचे वर्णन’, १८८२ सालचे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर, जर्सन दा कुन्हा यांचा मुंबईच्या मूळ इतिहासावरील १९०० सालचा ग्रंथ, १९०९-१० मधील मुंबई शहर व बेट यांच्या गॅझेटियरचे तीन खंड, ही सारी सामग्री आता इंटरनेटच्या महाजालावर घरबसल्या वाचता येते. ज्ञानाचे हे सार्वत्रिकीकरण स्वागतार्ह होय, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

तथापि साधन हाती येणे आणि साधनाचा अर्थ लागणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ग्रंथालयात ग्रंथ हाती येतो तो संपूर्ण येतो. त्याची प्रस्तावना, प्रकरणांचा क्रम आणि अनेकदा शेजारच्या फळीवरील प्रतिपक्षाचा ग्रंथही त्याच्याबरोबर दृष्टीस पडतो. महाजालावर ग्रंथ येतो तो बहुधा एका शब्दाच्या शोधातून, आणि त्या शब्दाभोवतीच्या चार ओळींपुरताच. म्हणजे तेथील वाचनाचे द्वार ‘नाम’ हे आहे. ज्या प्रदेशातील नावे स्थिर, एकेरी व एकाच लिपीतील असतात तेथे या द्वारातून फारसा धोका संभवत नाही. परंतु बेटांवरील नावे अनेक राजवटींनी, अनेक भाषांनी आणि अनेक लिपींनी घडविलेली असतात. येथे केवळ नाम शोधणारा वाचक एकतर निम्मी सामग्री गमावितो, किंवा दोन निराळ्या लोकांस एक समजून बसतो.

याचे पहिले उदाहरण बखरीचेच घेता येईल. ‘महिकावतीची बखर’ ही एका हातची, एका काळची रचना नव्हे. तिच्यात सहा प्रकरणे असून काही गद्य, काही पद्य आहेत; त्यांपैकी केशवाचार्याचा भाग शके १३७० चा, म्हणजे इसवी सन १४४८ चा, आणि इतर भाग त्यानंतरचे आहेत. मालाडच्या नायकोरावास देवीचा दृष्टान्त झाला आणि त्यावरून कुळांची, वंशांची व आचाराची हकिकत नोंदविली गेली, असा तिचा प्रपंच आहे. कोणते कूळ कोणाबरोबर आले, कोणाचे गोत्र काय, कोणाचा मान कोणता, हे सांगणे हे तिचे मुख्य प्रयोजन. बिंब राजाबरोबर बाहेरून येऊन बेटांवर वसलेल्या वतनदारांच्या दृष्टीने ती सांगितलेली आहे. त्यांच्या आगमनापासून तिच्यातील इतिहास सुरू होतो. त्यापूर्वी तेथे जाळे टाकीत असलेल्या माणसास तिच्यात वक्त्याचे स्थान नाही. राजवाड्यांस ही उणीव जाणवली असावी. कारण आपल्या विस्तृत प्रस्तावनेत त्यांनी उत्तर कोकणातील निरनिराळ्या जमातींच्या वस्तीचा क्रम लावण्याचा प्रयत्न केला आहे. त्यांची अनुमाने आज सर्वस्वी मान्य होणार नाहीत. परंतु बखर जेथे मौन पाळते तेथेच प्रश्न विचारला पाहिजे ही त्यांची दृष्टी आजही मार्गदर्शक ठरते.

महाजालावर या बखरीचे काय होते? ‘महाराष्ट्रधर्म’ हा शब्द तिच्यात आला असल्यामुळे तिचा उल्लेख वारंवार होतो. या शब्दाचा फार जुना आढळ म्हणून तो महत्त्वाचा आहेच. पण उल्लेख करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या लेखनात तो शब्द मालाडहून, माहीमहून, त्या खाड्यांहून तोडून आणलेला असतो. बेटांवरील काही कुळे आपला आचार व आपली प्रतिष्ठा परकी सत्तेच्या छायेत टिकविण्यासाठी जे बोलत होती, ते अखिल महाराष्ट्राचे राजकीय घोषवाक्य म्हणून वाचले जाते. शब्द सापडतो आणि बेट हरवते. शोधशब्दाच्या वाचनपद्धतीचा दोष याहून स्पष्ट दाखविता येणार नाही.

स्थलनामांची गोष्ट याहूनही बिकट आहे. महिकावती म्हणजे माहीम. पण माहीम दोन आहेत : एक मुंबईचे आणि दुसरे पालघर जिल्ह्यातील केळव्यालगतचे. दोन्ही समुद्रकाठी, दोन्हींस पोर्तुगीज अमलाचा इतिहास. बखर वाचताना कोणते माहीम अभिप्रेत आहे हे संदर्भावरून प्रत्येक ठिकाणी ठरवावे लागते. यंत्रास हा विवेक नाही. ते दोन्ही माहिमांची माहिती एका सूचीत मांडून मोकळे होते.

साष्टीच्या बाबतीत तर घोटाळ्यास परिस्थितीचेच साहाय्य मिळते. मुंबईच्या उत्तरेचे साष्टी बेट आणि दक्षिण गोव्यातील साष्टी महाल या दोहोंचे नाव सहासष्ट गावांवरून पडले, अशी परंपरा आहे. दोन्ही प्रदेश पोर्तुगीजांकडे होते. दोन्हींकडे ख्रिस्ती वस्ती मोठी. पोर्तुगीज कागदांत तर दोन्ही नावे एकाच प्रकारे लिहिलेली आढळतात. त्यातून मराठ्यांची उत्तरेकडील मोहीम १७३७ साली ठाणे व साष्टी यांवर सुरू होऊन मे १७३९ मध्ये वसईच्या पाडावाने संपली. आणि त्याच १७३९ च्या आरंभी मराठ्यांची दुसरी फौज गोव्याच्या साष्टीत शिरून मडगावपर्यंत गेली होती. ‘साष्टी’, ‘पोर्तुगीज’, ‘मराठे’, ‘१७३९’ असे चारही शब्द एकत्र शोधले तरी दोन्ही प्रदेशांचे कागद समोर येणारच. ज्यास दोन साष्टी आहेत हेच ठाऊक नाही त्याच्या प्रबंधात मडगावची हकिकत ठाण्यास चिकटणे मुळीच अशक्य नाही. येथे चूक माहितीच्या अभावाने होत नसून माहितीच्या विपुलतेने होते, ही लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे.

तिसरी अडचण लिपीची. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले ते रोमन लिपीत, आणि त्याचे कार्यक्षेत्र हे गोव्याचे साष्टी. उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजासाठी फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश यांनी सतराव्या शतकात रचिलेले पुराणही रोमन लिपीतच छापले गेले. भाषा मराठी, अक्षरे परकी. देवनागरीत शब्द घालून शोध घेणाऱ्यास ही मूळ मुद्रिते सहसा गवसत नाहीत. आणि मग ‘साष्टी-वसईकडील ख्रिस्ती लोकांचे जुने मराठी वाङ्मय उपलब्ध नाही’ असा निष्कर्ष निघू लागतो. वस्तुतः जे उपलब्ध नाही ते वाङ्मय नसून शोधणाऱ्याजवळची लिपी होय. याच समाजातील मुंबई-साष्टीकडील लोकांनी १८८७ साली आपली संघटना स्थापून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. नावातील ‘इंडियन’ हे इंग्रजी पद पाहून त्यांस परके मानणारा वाचक त्यांच्या घरातील मराठी बोलीस मुकतो. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे २०२० साली सोलापूरच्या शेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. किनाऱ्यावरचा हा समाज मराठी वाङ्मयाच्या परिघाबाहेरचा नाही, हे पठारावरील वाचकाच्या दारीच सिद्ध झाले होते.

गॅझेटियरांचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. कारण महाजालावरील लोकवर्णनांचा मोठा भाग तेथूनच उचललेला असतो. ठाणे गॅझेटियरमधील कोळी, आगरी, भंडारी यांची वर्णने परिश्रमपूर्वक केलेली आहेत, आणि त्यांतील जाळी, होड्या, मासळी यांविषयीचा तपशील आजही मोलाचा आहे. परंतु ती वर्णने १८८२ सालची असून महसुली कारभाराच्या गरजेतून जन्मास आलेली आहेत. लोकांची ‘जात’ हा घटक धरून त्यांचे रूप, सवयी व स्वभाव सांगण्याची त्यांची रीत आहे. ग्रंथ हाती असता मुखपृष्ठावरील सन डोळ्यांपुढे राहतो. उतारा पडद्यावर एकटाच आला म्हणजे सन गळतो, आणि ‘कोळी असे होते’ याचे ‘कोळी असे असतात’ होऊन जाते.

या रीतीची पारख करण्याचा सोपा उपाय सोलापूरच्या विद्यार्थ्याजवळच आहे. त्याने त्याच मालेतील सोलापूर जिल्ह्याचे १८८४ सालचे गॅझेटियर उघडावे. सोलापूरची पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली. तेव्हा गॅझेटियर सिद्ध होताना तिला अवघी सात वर्षे झाली होती. गिरणगावाचे पुढे वाढलेले सोलापूर, १९३० च्या मार्शल लॉचे सोलापूर, तेलुगुभाषक पद्मशाली विणकरांनी यंत्रमागावर उभे केलेले चादरीचे सोलापूर, यांपैकी काहीच त्यात असणे शक्य नव्हते. त्या ग्रंथावरून कोणी ‘सोलापूरचे लोक असे असतात’ असे लिहिले तर येथील विद्यार्थी ते हसण्यावारी नेईल. जो न्याय तो स्वतःच्या नगरास मागेल, तोच त्याने वरळीच्या वा वर्सोव्याच्या कोळ्यास दिला पाहिजे.

हा केवळ अभ्यासशिस्तीचा प्रश्न नाही. मुंबईची सात बेटे भराव घालून जोडली गेली. १८३८ साली कुलाब्याकडील आणि १८४५ साली माहीमकडील सेतुमार्ग झाला. बेट हे बेट राहिले नाही. मात्र उमरखाडी, पायधुनी यांसारख्या नावांत पाणी अद्याप शिल्लक आहे, आणि कोळीवाड्यांत समुद्राचे ज्ञान शिल्लक आहे. हे ज्ञान बहुतांशी बोलीत राहिलेले आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारे ‘उधाण’ पठारावरही लाक्षणिक अर्थाने समजते. परंतु अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीस किनाऱ्यावर ‘भांग’ म्हणतात हे किती जणांस ठाऊक असेल? हा शब्द यंत्रात घातला असता केसांतील भांग येईल, नशेची भांग येईल. समुद्राची भांग आलीच तर अखेरीस. मासेमारीचे दिवस कोणते, जाळे कोणत्या पाण्यात लावावे, याची गणना ज्या शब्दावर उभी आहे तो शब्दच शोधास लागत नाही.

अशा अलिखित ज्ञानाचे मोल किती प्रत्यक्ष असते हे वरळीस दिसून आले. किनारी मार्गाच्या पुलाच्या खांबांमधून बोटी सुखरूप जावयाच्या तर अंतर वाढविले पाहिजे, असा तेथील मच्छीमारांचा आग्रह होता. दीर्घ विरोधानंतर २०२२ साली हे अंतर ६० मीटरांवरून १२० मीटर करण्याचे मुंबई महानगरपालिकेने मान्य केले. वारा, प्रवाह आणि बोटीची गती यांविषयीचा मच्छीमारांचा अनुभव आराखड्यात आधी नव्हता. तो त्यांस स्वतः मांडावा लागला. इतिहासकाराने त्यांस केवळ ‘मूळ रहिवासी’ या गौरवपर विशेषणात बंदिस्त केले, आणि त्यांच्या ज्ञानाची, वहिवाटीची व वस्तीच्या सीमांची नोंद केली नाही, तर तो गौरव त्यांच्या काहीच उपयोगी पडत नाही.

याचा अर्थ महाजाल त्याज्य आहे असा नव्हे. बखर, गॅझेटियर आणि माडगांवकर एकाच मेजावर एकाच वेळी उघडून ताडून पाहण्याची सोय पूर्वीच्या किती अभ्यासकांस लाभली असेल? सोय मोठी आहे म्हणूनच शिस्तही मोठी हवी. शोधास बसण्यापूर्वी प्रत्येक स्थळाची मराठी, पोर्तुगीज व इंग्रजी नावे, त्यांची लेखनरूपे आणि समनाम स्थळे यांचे टिपण करणे. उतारा मिळताच तेथे न थांबता ग्रंथाचे संपूर्ण प्रकरण, त्याचा काळ व प्रयोजन पाहणे. आणि लिहिणारा बेटावर उभा राहून लिहितो आहे की बेटाकडे पाहून, हा प्रश्न प्रत्येक साधनास विचारणे, इतके तरी अवश्य झाले पाहिजे. बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांवर कोरलेली नौकायुद्धे कोणत्याही शोधशब्दाविना शतकानुशतके तेथे उभी आहेत. ती पाहण्यास जावेच लागते.

सोलापूरकरास हे नवे वाटू नये. सीना-भीमेच्या संगमावरील हत्तरसंग-कुडल येथील शके ९४० चा लेख आणि अलिबागजवळील अक्षीचा शके ९३४ चा म्हणून मानला जाणारा लेख, हे दोन्ही मराठीच्या प्राचीनत्वाच्या चर्चेत शेजारी शेजारी उभे असतात. त्यांच्या वाचनाविषयीचे वाद केवळ छापील प्रतीवरून मिटत नाहीत. त्यासाठी दगडाजवळ जाऊन अक्षर पाहावे लागते. कुडलच्या दगडास जी परीक्षा लावावयाची तीच अक्षीकडच्या, माहीमकडच्या आणि साष्टीकडच्या साधनांस लावली, तर पठारावरील विद्यार्थी द्वीपवासीयांचा इतिहास लिहिण्यास अपात्र ठरणार नाही. ती न लावता महाजालावरील उताऱ्यांवरच जो प्रबंध उभा राहील, त्यात माहीम सापडेल, साष्टीही सापडेल. कोणते माहीम आणि कोणती साष्टी, एवढेच सांगता येणार नाही.